तुकडे होण्याआधी

परड्यात दोन पावसाळे पडून राहिलेलं खताचं पोतं कड धरून ओढलं, तर ते फाटत नाही, चुरतं. पांढऱ्या पट्ट्यांची वीण सुटते, पट्ट्यांचे बोटाएवढे तुकडे होतात आणि त्या तुकड्यांवर अंगठा घासला की खाली भुगा पडतो. केरसुणीनं भरून घ्यावा म्हटलं, तर निम्मा आधीच मातीत मिसळलेला असतो आणि उरलेला वाऱ्यावर जातो. नवं होतं तेव्हा याच पोत्यातून पन्नास किलो खत डोक्यावरून शेतापर्यंत गेलेलं असतं.

बेळगाव तालुक्यातल्या कुठल्याही गावात हे पोतं भेटतं. न्हाणीच्या आडोशाला, गोठ्याच्या फटीत, पिंजराच्या म्हणजे भाताच्या काडाच्या गंजीवर, कोंबड्यांच्या खुराड्यावर, उंबऱ्याशी पायपुसणं म्हणून. आमच्याकडे वस्तू लगेच टाकून देत नाहीत आणि ही सवय मला फार मोलाची वाटते. पण ज्या पट्ट्यांनी हे पोतं विणलंय त्या पॉलिप्रॉपिलीनला ऊन सोसत नाही. सूर्याच्या अतिनील किरणांनी त्याच्या रेणूंच्या लांब साखळ्या तुटतात, ते ठिसूळ होतं. मग वारा, पाऊस, गुरांचे पाय, केरसुणी, जे जे लागेल ते त्याचे आणखी तुकडे करत जातं. पालापाचोळा कुजतो आणि त्याची माती होते. प्लास्टिक कितीही बारीक झालं तरी प्लास्टिकच राहतं, फक्त आपल्या हाताला लागायचं बंद होतं.

मला या सगळ्या विषयात हीच गोष्ट मध्यावर ठेवावीशी वाटते. प्लास्टिक अख्खं आहे तोवर ते उचलता येतं, मोजता येतं, भंगारवाल्याला देता येतं, त्यावर कायदा करता येतो. एकदा बारीक होऊन पसरलं की ते सगळं गोळा करणारी यंत्रणा जगात कुठंच नाही. म्हणून कुठल्या वस्तू वापरतो याच्याइतकंच, त्या आपल्या घरात नि शिवारात नेमक्या कुठं चुरतात, हे बघायला हवं. चुरण्याच्या जागा मला तीन दिसतात. ऊन, आच आणि घासणं.

ब्रिटनमधल्या प्लिमथ विद्यापीठातले सागरी जीवशास्त्रज्ञ रिचर्ड थॉम्पसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2004 साली 'सायन्स' या नियतकालिकात एक छोटा निबंध छापला. किनाऱ्यावरच्या वाळूत आणि गाळात त्यांना डोळ्यांना सहज न दिसणारे प्लास्टिकचे तंतू आणि कण सापडले होते. 1960 च्या दशकापासून जपून ठेवलेले समुद्री प्लवकांचे, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या बारीक जीवांचे, नमुने त्यांनी तपासले, तेव्हा हे कण दशकागणिक वाढत गेल्याचं दिसलं. 'मायक्रोप्लास्टिक' हा शब्द तिथून रुळला. आज 5 मिलिमीटरपेक्षा लहान तुकड्यांना तो लावतात. पुढे 2017 साली अमेरिकेतल्या संशोधकांनी जगाचा हिशेब मांडला. 2015 पर्यंत माणसानं सुमारे 830 कोटी टन प्लास्टिक बनवलं होतं, त्यातलं 630 कोटी टन कचरा झालं होतं आणि त्या कचऱ्यातलं जेमतेम 9 टक्के पुन्हा वापरात आलं होतं. 79 टक्के कचराडेपोंत किंवा उघड्यावर पडून होतं. हे पडून राहिलेलं सगळं आज ना उद्या त्या पोत्याच्याच वाटेनं जाणार आहे.

आमच्या भागात प्लास्टिकची गोष्ट निघाली की ती कॅरीबॅगवर येऊन थांबते. कर्नाटकात मार्च 2016 मध्ये बंदी आली, पलीकडे महाराष्ट्रात 2018 च्या जूनमध्ये. मग 1 जुलै 2022 पासून काटे-चमचे, स्ट्रॉ, थर्माकोल अशा एकदाच वापरायच्या वस्तूंवर देशभर बंदी आली आणि त्याच वर्षअखेरीपासून 120 मायक्रॉनपेक्षा पातळ पिशवी बाद झाली. या बंद्या हव्याच होत्या. तरी गणपत गल्लीत भाजीला गेलं की समोरची मावशी कोथिंबिरीची जुडी पातळ पिशवीत घालूनच देते. "पिशवी न्हाई दिली तर गिऱ्हाईक पुढच्या बुट्टीकडं जातंय की," असं ती सांगते आणि तिचं खरं आहे. जी बाई सकाळी बेळगुंदीहून किंवा शिनोळीकडून भाजीची बुट्टी घेऊन येते आणि दिवसाअखेर जेमतेम चार पैसे नेते, तिच्यावर कायद्याचा सगळा भार टाकणं मला अन्यायाचं वाटतं. पिशवी घरून नेणं हे गिऱ्हाइकाचं काम. भाजीवालीला बंदीची सूचनाही अनेकदा अशा भाषेत मिळते, जी तिला वाचता येत नाही. सीमाभागात भाषेवरून खूप भांडणं झाली, होतात. पण पाण्याची आणि अन्नाची सूचना प्रत्येकाला त्याच्या त्याच्या भाषेत मिळावी एवढं तरी कुणी अमान्य करू नये.

पिशवीबद्दल इतकं पुरे. ती निदान दिसते.

न दिसणाऱ्याचं बघायचं तर वडगाव, खासबाग, शहापूरच्या गल्ल्यांतून दुपारी चालत जावं. मागांचा खडखडाट घराघरांतून येत असतो. शहापूरची साडी एकेकाळी कापूस नि रेशमाची. आता बऱ्याच यंत्रमागांवर पॉलिएस्टरचं सूत चढतं, कारण त्याच साड्यांना मागणी आहे आणि विणकराला त्यातच कसंबसं परवडतं. मागाच्या शेडमध्ये खिडकीचे गज बघितलेत तर त्यांवर गुलाबी, मोरपंखी, पिवळट असं बारीक तूस साठलेलं असतं. दिव्याच्या वायरीवर तेच, कोळ्याच्या जाळ्यात तेच. कांड्या भरायला बसलेल्या बाईच्या केसांत आणि पापण्यांवरही संध्याकाळपर्यंत ते धरतं. हे तूस कापसाचं असतं तर कुजून गेलं असतं. पॉलिएस्टर म्हणजे पाण्याची बाटली ज्या प्लास्टिकची करतात तेच, फक्त तार ओढलेलं. त्या बाईचा श्वास या प्रश्नातला पहिला प्रश्न असायला हवा. तिच्यासाठी शेडला हवा खेळती हवी, तोंडाला फडकं हवं आणि झाडण्याऐवजी ओल्या फडक्यानं पुसून काढायची सोय हवी. समुद्रातल्या माशांची चर्चा खूप होते. या बायकांची फारशी होताना मी ऐकलेली नाही.

विणून झालेलं कापड आपल्या घरी येतं आणि धुण्यात पुन्हा तूस सोडतं. प्लिमथच्याच संशोधकांनी 2016 साली मोजलं, तेव्हा ॲक्रिलिक या लोकरीसारख्या कृत्रिम धाग्याच्या 6 किलो कपड्यांच्या एका धुण्यातून 7 लाखांहून अधिक तंतू निघू शकतात असं दिसलं. पॉलिएस्टरच्या धुण्यातून 5 लाखांच्या आसपास. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या 2017 च्या अहवालाप्रमाणे समुद्रात थेट सूक्ष्म कणांच्या रूपात जे प्लास्टिक पोचतं, त्यातलं सुमारे 35 टक्के कृत्रिम कपड्यांच्या धुण्यातून येतं आणि 28 टक्के गाड्यांच्या टायरांच्या झिजेतून. हायवेला लागून ज्यांचं घर किंवा शेत आहे, त्यांनी टायरच्या काळ्या धुळीचा विचार जरूर करावा.

मग सुतीच नेसा, असं म्हणून मोकळं होता येत नाही. बेळगावच्या पावसात सुती लुगडं चार-चार दिवस वाळत नाही, ओलसर वासानं घर भरतं. सिंथेटिक साडी रात्री निथळून सकाळी अंगावर घेता येते. रोप लावणीला जाणाऱ्या बाईला हे कुणी पटवून द्यावं लागत नाही. पूर्वी ती डोक्यावर इरलं किंवा घोंगड्याची खोळ घेऊन चिखलात वाकायची, आता प्लास्टिकचा कागद पांघरते. हलका असतो, पाणी आत येत नाही. तिचे कष्ट ज्यानं कमी झाले ते काढून घ्या म्हणायचा अधिकार मला नाही.

पण धुण्याची रीत बदलता येते आणि तिला पैसा लागत नाही. तंतू सुटतात ते घासण्यानं आणि पाण्याच्या माऱ्यानं. कमी कपडे आणि भरपूर पाणी घेऊन मशीन लावलं की ते जास्त सुटतात; भरून लावलं, गार पाण्यात, थोडा वेळ, की कमी. नव्या कपड्याच्या पहिल्या काही धुण्यांतच सर्वांत जास्त निघतात. घामानं खराब न झालेली सिंथेटिक साडी एकदा नेसली म्हणून लगेच धुवायला टाकायचं कारण नाही. आमच्या आयांनी ठेवणीतल्या साड्या अशाच हवेवर टाकून, घडी घालून ठेवल्या. हातानं धुताना प्लास्टिकच्या ब्रशनं खसाखसा घासणं थांबवावं. मशीनच्या जाळीत जो बोळा साठतो तो नळाखाली धुऊन मोरीत सोडायचा नाही, सुक्या कचऱ्यात टाकायचा. एवढा एक बोळा हातात घेऊन बघावा: मऊ, राखाडी, ओलसर, मांजराच्या अंगावरचा वाटावा असा. मोरीत सोडला असता तर हाच बोळा सुटा होऊन निघाला असता. फ्रान्सनं 2020 च्या कायद्यात नव्या मशिनींना असे तंतू अडवणारा फिल्टर बसवण्याची तरतूद केली. आपल्याकडे तशी मागणी ग्राहकांनीच लावून धरायला हवी, विशेषतः कापड विणणाऱ्या गावांनी.

मोरीतून निघालेलं पाणी कुठं जातं हे आमच्या भागात नकाशा न बघताही सांगता येतं. शहराचं सांडपाणी बळ्ळारी नाल्यात, नाला मार्कंडेयला, मार्कंडेय गोकाकच्या बाजूला घटप्रभेला, घटप्रभा कृष्णेला आणि कृष्णा आंध्रात बंगालच्या उपसागराला. खानापूरच्या घाटावर धुतलेल्या कपड्याचा तंतू मलप्रभेतून सौंदत्तीच्या धरणात आणि पुढे कृष्णेतच जातो. ती मलप्रभा जिथं उगम पावते त्या कणकुंबीलाच कळसा नालाही आहे आणि तो म्हादईतून गोव्याकडे वळतो. एका गावचा पाऊस दोन समुद्रांना जातो. म्हादईच्या पाण्याच्या वाटणीवरून कर्नाटक, गोवा आणि महाराष्ट्र या राज्यांनी लवादापुढं वर्षानुवर्षं वाद घातला. ते पाणी कुणालाही मिळो, त्यात काय मिसळून जातंय याची काळजी सगळ्यांनाच सारखी लागायला हवी.

समुद्र राहिला लांब. नाला फुगला की तो आधी शहापूर, वडगाव, येळ्ळूरच्या शिवारात शिरतो. ही बेळगाव बासमतीची जमीन. भात पोटरीत आलं की बांधावर नुसतं उभं राहिलं तरी वास येतो. 2019 च्या ऑगस्टचा पूर ज्यांनी पाहिलाय त्यांना आठवत असेल, पाणी ओसरल्यावर भाताच्या रोपांना पिशव्या, गुटख्याच्या पुड्या, सॅनिटरी पॅडचे तुकडे लोंबकळत होते. शेतकरी मोठं मोठं उचलून बांधावर ढीग लावतो. बारीक तिथंच राहतं आणि पुढच्या नांगरटीत खाली जातं. भाजीपाला करणाऱ्यांच्या शेतात याची दुसरी वाट आहे, मल्चिंग पेपर, म्हणजे वाफ्यावर अंथरायचा प्लास्टिकचा पातळ कागद. मिरची, टोमॅटो, ढब्बू मिरचीला तो लावला की तण कमी, पाणी कमी, पीक लवकर. त्याचा फायदा खरा आहे. पण हंगाम संपल्यावर पातळ झालेला कागद अख्खा निघत नाही, रोपांच्या बुंध्याशी फाटतो, आणि मजूर मिळाला नाही की त्यावरूनच रोटाव्हेटर फिरतो. ऊन आणि घासणं दोन्ही एकाच जागी. जगभरच्या शेती-पशुपालनात वर्षाला सुमारे 125 लाख टन प्लास्टिक वापरलं जातं, असं संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेनं 2021 साली सांगितलं. ज्याला शक्य आहे त्यानं जाड कागद घ्यावा, तो पीक काढल्याबरोबर, कडक होण्याआधी, गुंडाळून काढावा. आणि विकणाऱ्या दुकानदारानं जुना परत घ्यावा, हे खरेदीच्या वेळीच ठरवून घ्यावं. पिंजराची गंजी झाकायची ताडपत्रीही चरे पडायला लागल्या की उतरवावी. अख्खी आहे तोवर भंगारवाला घेतो, भुगा कुणी घेत नाही.

आता आच. बेळगावात चहा पार्सल मागितला तर अजूनही काही ठिकाणी उकळता चहा पातळ पिशवीत ओतून, गाठ मारून देतात. सांबाराचंही तसंच. आजारी माणसाला दवाखान्यात नेण्यासाठी घेतलेला गरम शिरा, इडली, सगळं त्यातूनच. कागदी कपाला आपण निर्धोक समजतो, पण पाणी झिरपू नये म्हणून त्याला आतून पॉलिथिनचा पातळ थर असतो. आयआयटी खरगपूरच्या संशोधकांनी 2020 साली दाखवलं की 85 ते 90 अंशांचं 100 मिलिलिटर पाणी अशा कपात 15 मिनिटं ठेवलं तर त्यात सुमारे 25,000 सूक्ष्म कण उतरतात. इडलीच्या साच्यात कापडाऐवजी प्लास्टिक अंथरलं जातं हे उघड झाल्यावर 2025 च्या फेब्रुवारीत कर्नाटकाच्या आरोग्यमंत्र्यांनी त्यावर बंदी जाहीर केली. ओलं पातळ कापड अंथरून वाफवलेली इडली सुटायला थोडा वेळ लागतो, कापड रोज धुवावं लागतं. तेवढंच अंतर आहे.

सर्वांत कठीण आच घरातली आहे, पाणी तापवायच्या चुलीची. "शेणी दमट असतात बगा, एक पिशवी घातली की भडभड पेटतंय," असं शेजारच्या काकू म्हणतात आणि आषाढातल्या सकाळी त्यांचं म्हणणं खोटं नसतं. पण चुलीत प्लास्टिक पूर्ण जळत नाही. धूर तिथंच वाकून फुंकणाऱ्या बाईच्या छातीत जातो, त्यात पीव्हीसी, म्हणजे पाण्याचे पाइप करतात ते प्लास्टिक, असलं तर डायॉक्सिनसारखी विषं तयार होतात, आणि अर्धवट वितळलेले मणी राखेत उरतात. ती राख आपण आळूच्या, मिरचीच्या वाफ्याला घालतो. काकूंना मी विज्ञान सांगितलं नाही. नारळाच्या शेंड्या उन्हाळ्यातच वाळवून डब्यात भरून ठेवल्या तर पावसाळाभर पुरतात, हे त्यांनीच मला सांगितलं, त्यांच्या आईची रीत म्हणून. आता त्यांच्या न्हाणीत तो डबा आहे.

शरीराचं थोडक्यात सांगते, कारण भीती घालायची नाही. ॲम्स्टरडॅममध्ये 2022 साली 22 रक्तदात्यांचं रक्त तपासलं, त्यातल्या 17 जणांच्या रक्तात प्लास्टिकचे कण सापडले. इटलीतल्या डॉक्टरांनी मानेच्या धमनीतला अडथळा शस्त्रक्रियेनं काढलेल्या 257 रुग्णांवर लक्ष ठेवलं आणि 2024 साली ते अनुभव मांडले. ज्यांच्या त्या अडथळ्यात प्लास्टिक होतं, त्यांना पुढच्या सुमारे तीन वर्षांत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा मृत्यू येण्याचा धोका इतरांच्या सुमारे साडेचार पट होता. प्लास्टिकमुळेच हे झालं असं त्यातून सिद्ध होत नाही, असं ते डॉक्टरही म्हणतात. मला काळजी करायला आणि मुलांच्या डब्यातलं गरम अन्न स्टीलमध्ये घालायला एवढं पुरेसं आहे.

मोठा वापर मात्र घरात होत नाही, जेवणावळीत होतो. महाप्रसाद, बारसं, वास्तुशांत, गल्लीतली शिवजयंती. पूर्वी आमच्या पंच मंडळाची भांडी होती, तशी अनेक गल्ल्यांची आणि देवस्थानांची होती आणि काहींची आजही आहेत: काठावर गल्लीचं नाव कोरलेली ताटं, तांबे, पातेली, काविळ्या. कार्य असेल त्या घरानं मोजून न्यायची, मोजून परत द्यायची. मग प्लास्टिकचा चंदेरी मुलामा दिलेल्या कागदी पत्रावळी आल्या आणि भांडी देवळाच्या माळ्यावर गेली. का गेली, हे प्रामाणिकपणे विचारलं पाहिजे. शेकडो ताटं घासायला रात्री बारा वाजेपर्यंत ज्या बायका बसत, त्यांची त्यातून सुटका झाली. द्रोण-पत्रावळी गोळा करून टाकणं पुरुषांनाही जमतं. ताटं घासायला पुरुष बसत नव्हते. पर्यावरणाच्या नावानं जुन्या चालीरीतींचं कौतुक करणाऱ्यांनी हा भाग सोडून दिला तर बायका त्यांचं ऐकणार नाहीत, आणि ऐकूही नये.

म्हणून भांडी खाली काढायचं ठरलं तेव्हा बैठकीत आम्ही बायकांनी आधी घासण्याचं बोलून घेतलं. घासायला येणाऱ्यांची मजुरी वर्गणीतून, पत्रावळींचे वाचतील त्या पैशांतून. पाण्याची सोय मंडळाची. खरकटं वेगळं काढायचं काम तरुण पोरांचं. आणि घासणी नारळाच्या काथ्याची, कारण हिरव्या प्लास्टिकच्या घासणीचे तुकडे प्रत्येक ताटाबरोबर मोरीत जातात. एक-दोन ज्येष्ठांनी कुरकुर केली, तरी ठरलं. गेल्या महाप्रसादाला ताटं वापरली. काही ताटांना पोचे होते, काही कमी पडली, शेवटच्या पंगतीला केळीची पानं लावली, आणि भात-आमटी पानावर नेहमीसारखीच लागली.

चहाचं अजून जमलेलं नाही. खानापूरला कुंभारकाम आहे, तिथं ग्रामीण कुंभारकामाची केंद्रीय संस्थाही आहे. मातीच्या कपांचं बघायला मंडळाची पोरं जाऊन आली. कप चांगले आहेत, पण आणताना फुटतात आणि गणपतीच्या दिवसांत लागतील तेवढे एकदम मिळत नाहीत. तोवर स्टीलचे लहान ग्लास जमवायचं चाललंय. आमच्या गल्लीच्या आसपास कुणाच्या घरी लग्नात आलेले, कधीच न वापरलेले ग्लास माळ्यावर पडून असतील, तर कृपा करून मंडळात आणून द्या. नाव कोरून ठेवू, आणि तुमच्या घरी कार्य निघालं की तेच मोजून घेऊन जा.